सूर्याआडचा भडका : ओजे २८७ आणि ३१ जुलै २०१९

म्हातारा पाऊस सरत येतो, सूर्य पुष्य सोडून आश्लेषात शिरतो, त्या आठवड्यात आकाशातली एक जागा पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही. आपल्याकडे ढग असतात म्हणून नव्हे; चिलीच्या कोरड्या वाळवंटातूनही दिसत नाही. कर्क राशीतल्या त्या ठिपक्यापासून सूर्य तेव्हा चार अंशांच्या आत असतो. ठिपक्याचं नाव ओजे २८७. तो एक ब्लेझार आहे, आणि ३१ जुलै २०१९ ला त्याचा भडका कळसाला पोचेल, असं भाकीत आधीच छापून झालं होतं.

म्हणजे तारीख माहीत, जागा माहीत, आणि बघायची सोय नाही. या अडचणीतून वाट कशी काढली, हाती नेमकं काय लागलं आणि त्यावर भांडण का पेटलं, ते इथे सविस्तर मांडतो.

ब्लेझारला तारीख देता येते?

एरवी येत नाही. दीर्घिकेच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर, त्याच्याभोवती गरगरणारी वायूची तबकडी, आणि त्यातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने उसळणारा झोत. या झोताचं तोंड आपल्याकडे असलं की त्या दीर्घिकाकेंद्राला ब्लेझार म्हणायचं. घाटात वळणावर समोरच्या ट्रकचा दिवा क्षणभर थेट डोळ्यांवर यावा, तशी गत असते. झोताची दिशा किंचित बदलली, त्यात एखादा धक्का पुढे सरकला, चुंबकीय क्षेत्रात गुंता झाला, की तेज काही दिवसांत, कधी काही तासांत, दुप्पट-तिप्पट होतं. यातलं काहीच वेळापत्रकाने घडत नाही. ब्लेझारवर पाळत ठेवणारा माणूस गळ टाकून बसलेल्या कोळ्यासारखा असतो : आज लागेल, नाहीतर महिनाभर नाही.

ओजे २८७ ची गोष्ट वेगळी झाली ती जुन्या काचांमुळे.

हा स्रोत सापडला १९६७ च्या सुमारास, अमेरिकेतल्या ओहायोच्या रेडिओ सर्वेक्षणात. नावातला ‘ओ’ ओहायोचा, ‘जे’ म्हणजे विषुवांशाचा, म्हणजे आकाशातल्या रेखांशाचा, आठवा तास. अंतर सुमारे साडेतीन अब्ज प्रकाशवर्षं. पण तो सापडण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे फोटो निघत होते, कोणाला पत्ता नसताना. कारण तो क्रांतिवृत्ताला अगदी खेटून आहे, जेमतेम अडीच अंश उत्तरेला. लघुग्रह याच पट्ट्यातून फिरतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेधशाळा लघुग्रहांच्या शोधात या पट्ट्याच्या काचेच्या प्लेटा काढत आल्या आहेत. त्या प्लेटांवर कोपऱ्यात कुठेतरी हा ठिपका बसलेला होता, कधी मंद, कधी ठसठशीत. लोकांनी मग कपाटं उघडली, ठिपका शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिला आणि शंभरेक वर्षांचा प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार बदलत्या तेजाचा आलेख, उभा केला. ब्लेझारांमध्ये असा वारसा फार थोड्यांना आहे.

गंमत अशी की ज्या रस्त्यावर असल्यामुळे हा वारसा मिळाला, त्याच रस्त्यावरून सूर्यही जातो. दरवर्षी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये ओजे २८७ सूर्यतेजात बुडतो, आणि सप्टेंबरमध्ये पहाटेच्या संधिप्रकाशात पूर्वेला पुन्हा वर येतो. प्रकाशवक्रात दरवर्षी तिथे खिंडार. या प्रकरणात जे काही वाजलं-गाजलं, ते बरंचसं या खिंडाराच्या आसपास.

बारा वर्षांचं चक्र, आणि त्यातली चूक

१९८८ मध्ये फिनलंडच्या ऐमो सिलानपा, मौरी वाल्टोनेन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की मोठे भडके साधारण बारा वर्षांनी येतात आणि याचं कारण तिथे एक नव्हे, दोन कृष्णविवरं आहेत. पुढचा भडका १९९४ च्या आसपास यायला हवा होता. त्यासाठी ‘ओजे-९४’ नावाची आंतरराष्ट्रीय मोहीम आखली गेली, आणि तो आला. वर्षभराने, १९९५ च्या शेवटी, दुसरा आला. चक्रात भडका एकटा येत नाही, जोडीने येतो.

मग मांडणी अशी झाली : लहान कृष्णविवर मोठ्याभोवती लांबट कक्षेत फिरतं आणि एका फेरीत मोठ्याची तबकडी दोनदा भेदून जातं. प्रत्येक वेळी तापलेल्या वायूचे फुगे तबकडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतात, फुगतात, विरळ होतात, आणि एका क्षणी पारदर्शक होऊन आतला सगळा प्रकाश सोडून देतात. म्हणजे भडका टकरीच्या क्षणी दिसत नाही, काही काळाने दिसतो, आणि हा उशीर किती हे तबकडीच्या जाडीवर, घनतेवर ठरतं. हा उशिराचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बारा वर्षं मोजून बसलेल्यांना २००५ ने दणका दिला. सरळ हिशेबाने २००६ ची वाट पाहायची होती; भडका २००५ च्या शरदातच येऊन गेला. कारण कक्षा स्वतःच फिरते. बुधाची कक्षा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे शंभर वर्षांत ४३ विकला (एक अंश म्हणजे ३,६०० विकला) सरकते, इथे लहान कृष्णविवराची कक्षा एका फेरीत सुमारे ३९ अंश सरकते. त्यामुळे टकरींचे क्षण समान अंतरावर पडत नाहीत. २००५ नंतरचा भडका २००७ ला, मग थेट २०१५, मग २०१९. बारा हा आकडा खरा आहे, पण तो घेऊन कॅलेंडरवर खुणा करणारा फसतो.

१३ सप्टेंबर २००७ चा भडका ही या मांडणीची पहिली जबर परीक्षा. सूर्य नुकताच पुढे सरकलेला, वेध पहाटेच्या उजाडत्या आकाशात. भडका भाकिताच्या एका दिवसाच्या आत आला. ‘नेचर’मधल्या २००८ च्या लेखात त्याचा अर्थ दिला आहे : गुरुत्वीय लहरींमुळे, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांमुळे, ही जोडी ऊर्जा गमावत नसती, तर भडका वीस दिवस उशिरा आला असता. अमेरिकेतल्या लायगो या शोधयंत्रणेने अशा लहरी थेट पकडल्या त्या २०१५ ला. त्याच्या आठ वर्षं आधी कर्केतल्या एका ठिपक्याचं तेज मोजून हा दावा केला गेला होता.

तेज मोजायचं म्हणजे काय करायचं

इथे जरा थांबतो, कारण तासांच्या अचूकतेच्या गप्पा ज्या मोजमापावर उभ्या आहेत ते मोजमाप साधं आहे.

दुर्बिणीला सीसीडी कॅमेरा, त्यापुढे लाल रंगाचा आर फिल्टर. काही मिनिटांचं चित्र. त्याच चित्रात ओजे २८७ च्या आजूबाजूचे चार-पाच तारे असतात, ज्यांची प्रत, म्हणजे तेजाचं माप, आधी काटेकोर ठरवून ठेवलेली आहे. ब्लेझार आणि हे तारे एकाच वेळी, एकाच हवेतून दिसतात. धुकं आलं, पातळ ढग गेला, तर सगळे सारखेच मंदावतात आणि गुणोत्तर तसंच राहतं. म्हणून ढगाळलेल्या रात्रीचा वेधही वाया जात नाही, फक्त त्याची अनिश्चितता वाढते. दोन तुलना-तारे मात्र एकमेकांशी ताडून बघावेच लागतात. त्यांच्यातला फरक रात्रीगणिक हलला तर ब्लेझारबद्दल बोलायचा अधिकारच नाही.

ओजे २८७ बहुतेक वेळा चौदा ते सोळा प्रतीच्या दरम्यान असतो. डोळ्याला अशक्य, पण आठ-दहा इंची दुर्बीण आणि कॅमेरा असलेल्या हौशी माणसाच्या आवाक्यात. प्रत जितकी कमी तितकं तेज जास्त, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. ५ डिसेंबर २०१५ ला तो १२.९ प्रतीला पोचला. पंधराव्या प्रतीचा ठिपका इतका वर चढला तर तेज सातपट होतं.

एका दुर्बिणीने काम भागत नाही. रात्र संपते, ब्लेझारचा भडका थांबत नाही. म्हणून जपानपासून युरोपपर्यंत आणि पुढे अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांपर्यंत रेखांशांची साखळी धरावी लागते. एकाकडे उजाडलं की दुसरा हातात घेतो. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची मापं जुळवणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम. पोलंडमधल्या क्राकोच्या स्टानिस्लाव झोला यांचा गट यात वर्षानुवर्षं आहे. बातमीत हे काम येत नाही.

आणखी एक मोजमाप हवं : ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींची कंपनं कितपत एकाच दिशेत आहेत ते. झोतातून येणारा प्रकाश बऱ्यापैकी ध्रुवीकृत असतो, तापलेल्या वायूच्या फुग्याचा नसतो. त्यामुळे तेज वाढताना ध्रुवीकरण घसरलं, तर भडका तबकडीच्या टकरीचा असण्याची शक्यता वाढते. तेजासोबत तेही वाढलं, तर झोताचा नेहमीचा दंगा. ओजे २८७ हाही शेवटी ब्लेझारच, तेव्हा नेहमीचे दंगे त्यातही चालू असतातच, आणि टकरीचा भडका त्यातून वेगळा काढावा लागतो.

२०१९ : भाकीत मुंबईतून, डोळा अंतराळातून

डिसेंबर २०१५ चा भडका भाकिताप्रमाणे आला. सामान्य सापेक्षता सिद्धांताला तेव्हा शंभर वर्षं होत होती, म्हणून त्याला शताब्दीचा भडका म्हटलं गेलं. त्याच्या वेळेवरून मोठ्या कृष्णविवराच्या स्वतःभोवतीच्या फिरकीचा अंदाज निघाला. मग मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ए. गोपकुमार आणि त्यांचे त्या वेळचे पीएचडीचे विद्यार्थी लंकेश्वर डे यांनी वाल्टोनेन यांच्या गटाबरोबर गणित आणखी घट्ट केलं. जोडीची कक्षा आवळत नेणाऱ्या गुरुत्वीय लहरींचे सूक्ष्म परिणाम त्यात धरले. २०१८ च्या त्या लेखात मोठ्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या १,८०० कोटी पटींहून थोडं जास्त, लहानाचं सुमारे १५ कोटी पट निघालं, आणि पुढच्या भडक्याची तारीख : ३१ जुलै २०१९. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९१९ च्या सूर्यग्रहणात सापेक्षता तपासण्यासाठी घेतलेल्या वेधांची शताब्दी म्हणून याला एडिंग्टनचं नाव दिलं.

एडिंग्टन यांना सूर्याजवळचे तारे बघण्यासाठी चंद्राने सूर्य झाकावा लागला होता. इथे चंद्र मदतीला येणार नव्हता.

पृथ्वीवरून बघणं अशक्य, हबलसारख्या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीतूनही अशक्य. सूर्याच्या इतक्या जवळ त्यांचं तोंड वळवत नाहीत. उपाय एकच, दुसऱ्या जागेवरून बघायचं. स्पिट्झर ही अवरक्त दुर्बीण २००३ पासून सूर्याभोवती पृथ्वीच्या मागे मागे रेंगाळत, दर वर्षी आणखी लांब जात होती. २०१९ च्या उन्हाळ्यात ती पृथ्वीपासून सुमारे २५ कोटी ४० लाख किलोमीटरवर होती. तिथून सूर्य आकाशात वेगळ्या जागी दिसतो, म्हणून ओजे २८७ मोकळा. कॅलटेकमधले सेप्पो लाइन यांनी स्पिट्झरचं वेळापत्रक तपासलं, तर तिला हा ब्लेझार दिसू लागण्याचा पहिला दिवस ३१ जुलैच निघाला. नशीब म्हणायचं ते हेच. सहा महिन्यांनी, ३० जानेवारी २०२० ला, स्पिट्झर कायमची बंद झाली.

पण नशिबालाही किंमत असते. पहिला दिवसच कळसाचा दिवस असल्याने भडका चढताना बघायला मिळाला नाही. शिवाय स्पिट्झरकडे आर फिल्टर नाही. तिचं शीतक २००९ ला संपलेलं, उरले होते साधारण ३.६ आणि ४.५ मायक्रॉनचे दोन अवरक्त पट्टे. दृश्य प्रकाशातलं भाकीत अवरक्तात तपासायचं तर दोन्हींतलं नातं ठाऊक हवं. म्हणून फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये, भडका नसताना, आधीच तळरेषा, म्हणजे एरवीचं तेज, मोजून ठेवली होती. ही पूर्वतयारी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

३१ जुलै ते ६ सप्टेंबर स्पिट्झरने वेध घेतले. मॉडेल म्हणत होतं की २०१९ चा भडका २००७ च्या भडक्यासारखा असेल, कारण दोन्ही टकरी कक्षेच्या जवळच्या टोकाशी होतात. तळरेषा वजा केली आणि स्पिट्झरचा वक्र २००७ च्या दृश्य वक्रावर ठेवला. आकार जुळला. जुळवताना वेळेत जो फरक पडला, त्यावरून २०२० च्या लेखात निष्कर्ष आला : भडका भाकिताच्या चार तासांच्या आत पोचला.

चार तास म्हणजे कोणते चार तास

बातम्यांत हे ‘चार तासांत अचूक’ असं आलं, जणू कोणीतरी घड्याळ लावून कळस बघितला. तसं झालेलं नाही. बघितला तो कळसाजवळून पुढचा उतार. कळसाची वेळ निघाली ती बारा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका भडक्याच्या साच्यावर बसवून. साचा बरोबर असेल, आणि अवरक्तातली तळरेषा फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत फारशी हलली नसेल, तर चार तास. ध्रुवीकरणाचं मोजमाप तर शक्यच नव्हतं. स्पिट्झरच्या कॅमेऱ्यात ती सोय नव्हती.

याने निष्कर्ष कोसळतो असं मी म्हणत नाही. वर्षभर आधी छापलेल्या तारखेला ब्लेझार भडकलेला आढळणं आणि उताराचा आकार जुळणं, हे योगायोगावर ढकलणं मला तरी जड जातं. पण ‘बघितलं’ आणि ‘बसवून काढलं’ यातला फरक झाकला की पुढच्या वेळी फसगत होते. तीन वर्षांनी ती वेळ आली.

२०२२ : पुन्हा तेच खिंडार

पुढचा भडका ऑक्टोबर २०२२ ला अपेक्षित होता. ऑक्टोबरमध्ये ओजे २८७ उत्तररात्री चांगला वर असतो, सगळ्यांना दिसतो. या वेळी सूर्याची सबब नव्हती. जर्मनीत बॉनच्या माक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या स्टेफनी कोमोसा यांचा गट स्विफ्ट उपग्रह आणि एफेल्सबर्गची शंभर मीटरची रेडिओ तबकडी वापरून या ब्लेझारवर वर्षानुवर्षं बहुतरंगी पाळत ठेवून होता. ऑक्टोबर आला, गेला. भडका नाही; उलट ब्लेझार मंदच होता. २०२३ मध्ये त्यांनी तसं प्रसिद्ध केलं, आणि पुढे जाऊन म्हटलं की मोठ्या कृष्णविवराचं वस्तुमान १,८०० कोटी नव्हे, दहा कोटी सूर्यांच्या आसपास असावं. फरक शे-दीडशे टक्क्यांचा नाही, शे-दीडशे पटींहून जास्त आहे.

वाल्टोनेन, गोपकुमार आणि सहकाऱ्यांचं उत्तर त्याच वर्षी आलं. तबकडी ताठ नसते. लहान कृष्णविवर जवळ आलं की भरतीसारखी वाकते, वर-खाली होते. २०२२ ची टक्कर या पातळीबाबत फार संवेदनशील होती. ते वाकणं धरलं तर भडका ऑक्टोबरमध्ये नव्हे, जुलै-ऑगस्टमध्येच होऊन गेला असणार.

जुलै-ऑगस्ट! म्हणजे सूर्याआड. आणि या वेळी स्पिट्झरही नाही.

हे वाचून पहिल्यांदा हसूच येतं. पण विचार केला तर उत्तर निव्वळ पळवाट नाही. भडक्याच्या वेळेत कक्षेइतकाच तबकडीचा वाटा असतो, ही या मॉडेलची जुनी बाब आहे. वर उशिराचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला तो याचसाठी. कक्षा सापेक्षतेने बांधलेली आहे, तबकडी वायूची आहे. तरीही घटनेनंतर बदललेली तारीख, तीही नेमकी न दिसणाऱ्या महिन्यांत पडलेली, पुरावा म्हणून २००७ च्या तोडीची नाही. २००७ ला तारीख आधी होती आणि दुर्बिणी रोखलेल्या होत्या. माझा कल विचाराल तर २००७ आणि २०१५ मुळे दोन कृष्णविवरांच्या बाजूने आहे, पण १,८०० कोटींच्या आकड्यावर मी आज पैज लावणार नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १२ नोव्हेंबर २०२१ ला ओजे २८७ साधारण बारा तासांपुरता झपकन उजळला आणि पुन्हा खाली आला. बारा तास म्हणजे एखाद्या वेधशाळेच्या एका दिवसाच्या उजेडात संपूर्ण मावेल इतका वेळ. तो सापडला कारण ग्रह शोधणारा टेस उपग्रह तेव्हा त्याच दिशेला टक लावून बसला होता. नैनितालच्या एरीज संस्थेतले शुभम किशोर व आलोक गुप्ता आणि अमेरिकेतले पॉल विटा यांनी ती मोजमापं तपासली. वाल्टोनेन यांच्या गटाने त्यात लहान कृष्णविवराच्या स्वतःच्या झोताची खूण वाचली. जमिनीवरून रात्री एक-दोन वेध घेण्याच्या पद्धतीत असे किती झटके निसटले असतील, हा विचार जुने वक्र बघताना आता डोक्यात येतोच.

महाराष्ट्रातून बघायचं तर नोव्हेंबर ते मे हा काळ चांगला. कर्केतला मधमाश्यांचा पुंजका शोधायचा आणि तिथून साडेतीन अंश पूर्वेकडे जायचं. मे अखेरीस तो संध्याकाळीच पश्चिमेला झुकलेला असतो, जूनमध्ये ढग येतात, मग सूर्य. सप्टेंबरात तो पहाटे वर येतो तेव्हा आपल्याकडे अजून पाऊसच असतो. त्यामुळे इथल्या हौशी निरीक्षकाच्या वहीतलं खिंडार युरोपातल्यापेक्षा दोनेक महिन्यांनी जास्त रुंद.